फाडून टाकलेल्या तिथ्या

वजनकाट्यावर कच्ची चिठ्ठी ठेवत नाहीत. ट्रक आला की भरल्या गाडीचं वजन चिठ्ठीवर पेनाने लिहायचं. माल उतरला की रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचं, वजाबाकी करायची, पक्की पावती छापायची आणि चिठ्ठी फाडायची. ठेवली तर एका गाडीचे दोन कागद होतात, दोन कागदांत दहा-वीस किलोचा फरक निघतो आणि फरक निघाला की भांडण होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी एकवीस वर्षं काट्यावर आहे. या सवयीने माझं आजवर भलंच झालं. नुकसान एकदाच झालं, आणि ते माझं झालं नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आम्ही रोडपालीला राहतो. तिसरा मजला, मागच्या अंगाला गॅलरी. गॅलरीतून पाण्याचा एक पट्टा दिसतो. तो कारखान्यांच्या बाजूने येतो, आमच्या इमारतींमागच्या लहान पुलाखालून जातो आणि पुढे कांदळवनातून वळण घेत खाडीच्या बांधाला भिडतो. तिथे बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेलं लाकडी दार. भरती आत येऊ नये आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी ते बसवलं होतं. शेती गेली, दाराची देखभाल थांबली, फळ्या कुजल्या. आता भरती सरळ आत येते आणि ओहोटीला परत जाते.

घर घेतलं तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला माहीत होता तो वास. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी नेलपॉलिशसारखा. आला की बायकोचं डोकं चढायचं आणि ती सगळ्या खिडक्या लावत फिरायची. मी एक वही केली. तारीख, वाजले किती, वास कसला, वारा कुठून. वारा समोरच्या गच्चीवरच्या झेंड्यावरून कळायचा. पहिल्या काही महिन्यांतच बायको म्हणाली, "काट्यावर लोखंडाचं वजन करता ते पुरे नाही का? घरी येऊन वासाचं पण करायचं?"

मी लिहीत राहिलो. लिहून काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. पण वास आला आणि लिहिला नाही तर मला बसवत नसे. जेवतानाही मी उठून गॅलरीत जाऊन यायचो.

आमच्याच सोसायटीत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी एक मोठा नकाशा मांडायला सुरुवात केली. बारा चार्टपेपर डिंकाने जोडलेले, त्यावर रस्ते आणि पाणी पेन्सिलने काढलेलं. ज्याला या भागाचं जे माहीत असेल त्याने यावं, बोट ठेवावं आणि सांगावं. फ्लॅटमधले लोक लाल पेनाने वासाच्या जागा दाखवत. ज्यांच्या जमिनीवर ही वस्ती उभी राहिली त्या गावांतले म्हातारे हिरव्या पेनाने, तिथे पूर्वी काय होतं ते. एका आजोबांनी ट्रक टर्मिनलवर बोट ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे पाच मिठागरांची नावं घेतली. मी जिथे काट्यावर उभा असतो ते 'मधलं आगर' निघालं. एकवीस वर्षं मी मिठावर उभा होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मावशी तिसऱ्या की चौथ्या रविवारी आल्या. वय पासष्टच्या आसपास, घर बांधाजवळच्या गावात. उघाडीच्या आतल्या बाजूला चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, कोलंबी आणि चिखलातले निवटे मासे धरायचे आणि पनवेलच्या बाजारात विकायचे, हे त्यांचं काम. ती जागा त्यांच्या सासऱ्यांपासूनची. गावात दुसरं कुणी तिथे फग लावत नाही. फग म्हणजे चिंबोरीसाठी आमिष बांधून पाण्यात सोडायचं जाळीचं कडं. त्या थेट पाण्यातून आल्या होत्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"आत या ना, मावशी," बाई म्हणाल्या.

"नको गो बाय. तुमची लादी मलल. मी हितंच बरी." मग माझ्याकडे पाहून, "ह्यो कोन?"

"हे वास लिहितात."

"वास लिवतो?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग घमघमाट झाला तं मोठ्या अक्षरांत लिवतोस का रं, दादा?"

हॉल हसला. मीही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी साडी घोट्यापासून जराशी वर केली. पोटरीवर एका उंचीला काळपट रेघ होती आणि रेघेखाली कातडीचे पापुद्रे निघाले होते. "वास तुमच्या खिरकीत यतो," त्या म्हणाल्या, "नि पानी आमच्या पायावं यतं. खिरकी लावता यते."

त्या दिवसापासून त्या जवळपास दर रविवारी यायच्या आणि काळं पाणी कधी आलं ते सांगायच्या. बाई जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर ते उतरवून घ्यायच्या. मी ते पक्कं करायचो, म्हणजे कॉम्प्युटरवर चढवायचो. माझे रकाने ठरलेले होते. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं.

"दशमीला आला कालं पानी."

"किती वाजता?" मी विचारलं.

"दशमीला."

"हो, दशमीला. पण वाजले किती होते?"

"दशमीला म्हनलं नं?"

"सकाळी की संध्याकाळी?"

त्यांनी बाईंकडे पाहिलं, जसं बहिऱ्या माणसाच्या घरच्यांकडे पाहतात. "सकालच्याला."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात दशमीची तारीख पाहिली आणि 'सकाळी ८' लिहिलं. सकाळ म्हणजे आठ, दुपार म्हणजे एक, संध्याकाळ म्हणजे सहा, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. तारीख मिळाल्यावर तिथीची गरज राहिली नाही. तिथीला रकानाच नव्हता. बाई एकदा म्हणाल्या होत्या, "त्या सांगतात तसंच ठेवा हो." मी म्हणालो, "त्याहून चांगलं ठेवतो." तक्ता जुळला की चिठ्ठ्या फाडून टाकायचो. हाताला ती सवयच होती.

अशा नोंदी एकाहत्तर झाल्या. सत्तावीस माझ्या वासाच्या, चव्वेचाळीस मावशींच्या पाण्याच्या.

तेवढ्यात विकास आराखड्याचा मसुदा लागला. बाई कार्यालयात जाऊन मोबाइलवर फोटो काढून आल्या. आमच्या मागचं पाणी त्यात एका बारीक तुटक रेषेने दाखवलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'नाला'. पुढे प्रस्ताव. दोन्ही काठ काँक्रीटचे, वर झाकण, उघाडीच्या जागी एकेरी झडपेचा पाइप. मोजणी करणारे उन्हाळ्यात आणि बहुधा ओहोटीच्या वेळी येऊन गेले असावेत. तेव्हा तिथे घोटाभर पाणी असतं. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं.

मावशींना बाईंनी नकाशावर बोट ठेवून समजावलं. झडप बसली की भरती आत येणार नाही. भरती नाही तर चिंबोरी नाही, निवटा नाही, काही नाही. आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनीच बोलून दाखवली. "नाला म्हनलं का घान पानी त्याचाच झाला. मंग आमी वरडाचं कोनाला?"

हरकती द्यायला महिना होता. आम्हाला एकच गोष्ट दाखवायची होती, की इथे भरती येते, रोज येते, म्हणून ही खाडी आहे. नुसते भरल्या पाण्याचे फोटो पुरणार नव्हते. पावसाचं साचलेलं आहे म्हणतील, असं बाईंना तिथल्या एका कारकुनाने आधीच सांगून टाकलं होतं. महिनोन् महिने केलेली नोंद हवी होती, आणि ती माझ्याकडे होती. मी हरकतीच्या अर्जाला तक्ता जोडला, पोच घेतली. पोच खिशात घालून घरी येताना मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं होतं.

सुनावणीत दोन वाक्यांत सांगता येईल असा सारांश काढायला बसलो आणि तिथे बिनसलं. वारानुसार लावून पाहिलं, तासानुसार लावून पाहिलं, महिन्याच्या तारखांनुसार पाहिलं. काही म्हणजे काही नियम निघेना. काट्यावर गाड्यांच्या रांगा असताना मी कागदाच्या कडेला बेरजा मांडत होतो. एका गाडीवाल्याला दुसऱ्याच गाडीची पावती दिली. एकवीस वर्षांत असं तिसऱ्यांदा झालं.

रविवारी मी हॉलमध्ये उभा राहून सांगितलं, "नियम निघत नाही. मनाला येईल तेव्हा पाणी सोडतात असं दिसतंय."

बाईंचा चेहरा पडला. मन मानेल तेव्हा घाण पाणी येतं ती जागा म्हणजे नालाच की. आमच्या तक्त्याने कार्यालयाचंच म्हणणं सिद्ध होत होतं.

"वाच बगू," उंबऱ्यावरून मावशी म्हणाल्या.

मी वाचू लागलो. सकाळी आठ. सकाळी आठ. संध्याकाळी सहा. सकाळी आठ.

"थांब. ह्या आठ कोनी सांगला?"

"तुम्हीच."

"मी कवा म्हनली आठ? माज्या हातान घड्याल हाय? मी सप्तमी म्हनली, दशमी म्हनली."

"त्यांच्या तारखा लिहिल्यात ना."

"मंग सप्तमीला पन आठ नि दशमीला पन आठ? पानी का तुज्या हापिसान कामाला लागलाय, रोज आठला हजर?"

पुन्हा हॉल हसला. बाई मात्र हसता हसता थांबल्या. "अहो, तिथी हीच त्यांची वेळ आहे," त्या हळू म्हणाल्या. "तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थी म्हणजे तीन. दशमी म्हणजे साडेसात. तुम्ही किती वाजले विचारत होतात आणि त्या तेच सांगत होत्या."

मला पाऊणकी येते. वडिलांनी लहानपणी पाठ करून घेतली होती. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. ती कुठे लागते हे त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांनाही ठाऊक नसावं. आमचं मूळ गाव घाटावरचं, तिथे भरती कसली?

"चिठ्ठ्या द्या," बाई म्हणाल्या. "त्यावरून पुन्हा लावू."

मी हातातला तक्ता उलटा करून ठेवला तेव्हा त्यांना कळलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

मावशींनी टोपली उचलली आणि गेल्या. 

पुढचे आठ दिवस मला स्वस्थता नव्हती. तारखांवरून तिथ्या परत काढता येत होत्या, कॅलेंडर होतंच. तास मात्र गेले होते. काही चिठ्ठ्यांवर बाईंनी 'कामावरची पोरं निघाली तेव्हा', 'शाळा सुटताना' असं लिहिलेलं मला आठवत होतं. कुठल्या चिठ्ठीवर काय, ते आठवत नव्हतं. त्या सगळ्याचे मी आठ, एक आणि सहा करून टाकले होते.

माझ्या सत्तावीस नोंदी तरी खऱ्या वेळेच्या होत्या. त्यांच्यापुढे तिथ्या लिहिल्या, पाऊणपट केली. एकही जुळेना. वास बहुतेक वेळा हिशोबाच्या पुढे दोन-सव्वादोन तास. सप्तमीला अर्धा दिवस रजा टाकली आणि संध्याकाळी सव्वापाचला, म्हणजे सात पाऊण सव्वापाच, पुलावर जाऊन उभा राहिलो. पाणी चढतच होतं. पावणेसहा झाले, तरी चढतंच. खाली कडेच्या चिखलातून मावशी येत होत्या. रागावलेल्या होत्या, पण मला घड्याळाकडे बघत उभा पाहून त्यांना राहवलं नाही.

"काय मोजतोस?"

"सव्वापाचला भरती पुरी व्हायला हवी होती."

"ती उरनला. बंदरावं भरल तवा भरल. हितं यवडं लांब पानी का उडून यतं? त्याला वलनावलनानी यावाचा असतं." त्यांनी हाताने कांदळवनाची वळणं दाखवली. "घंटाभर घाल. मंग पानी उभा ऱ्हातं, तवा बोलाचं नाय. मंग सुकती लागते. सुकती लागली का वरचा दाबून ऱ्हायलेला समदा खाली यतं. ता कालं."

म्हणजे भरतीचं पाणी वरचं घाण पाणी अडवून धरतं आणि ओहोटी लागली की ते सुटतं. सव्वासातच्या सुमाराला पुलाखालून काळा पट्टा आला. आधी कडेने, मग मधून. पाच मिनिटांनी वास आला. मी वेळ लिहिली. मावशी तोवर पाण्याबाहेर आल्या होत्या.

घरी येऊन सव्वादोन तास धरून पुन्हा जुळवलं. सत्तावीसपैकी एकोणीस नोंदी अर्ध्या तासाच्या आत बसल्या. पाणी तिथीने चालत होतं, म्हणजे तिथे भरती होती, म्हणजे तो नाला नव्हता.

मग मी एक गोष्ट केली, ती सांगायला हवी. मावशींच्या चव्वेचाळीस नोंदींसमोर मी पाऊणकीने तास काढून घातले. एकाहत्तरपैकी त्रेसष्ट जुळल्या. तक्ता इतका सुरेख दिसत होता की मी तो दोनदा छापला. तिसऱ्या दिवशी काट्यावर एकाएकी लक्षात आलं, की नियमातून काढलेला तास त्याच नियमाला पुरावा कसा होणार? ज्या वजनात मी स्वतः उभा आहे ते मालाचं वजन नव्हे.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या पिशवीत दोन तक्ते होते. एक हा सुरेख. दुसऱ्यात मावशींच्या नोंदींसमोर तिथी होती आणि तासाची जागा कोरी. बायकोने दोन्ही पाहिले.

"यातला कुठला देणार?"

"बघू."

"बघू काय? कार्यालयात तुमचा आठवाला कागद आधीच आहे. म्हणजे तीन झाले. दोन कागदांवर भांडणं होतात म्हणून तुम्हीच सांगत असता." तिने सुरेख तक्ता गॅसपाशी पसरून त्यावर लसूण सोलायला घेतला. 

सुनावणी साडेअकराला लागली. अधिकारी चाळिशीचे, सभ्य, थकलेले. समोर फायलींची चळत. मावशी धुवट साडी नेसून माझ्या मागच्या खुर्चीत, बाई शेजारी. अधिकाऱ्यांनी आमच्या अर्जातला तक्ता उघडला, मी नवा पुढे केला. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"यात या नोंदीला सकाळी आठ आहे. यात वेळच नाही. खरं कुठलं?"

"नवीन."

"मग हे आठ कुठून आले?"

"मी घातले."

"म्हणजे या आजींनी वेळ सांगितली नव्हती?"

"सांगितली होती. तिथी सांगितली होती. मला कळलं नाही, म्हणून मी माझा तास लिहिला."

"मूळ कागद?"

"फाडले."

त्यांनी पेन उचललं. ते काही वाईट वागले नाहीत. मी त्यांच्या खुर्चीत असतो तर मीही तेच केलं असतं. चव्वेचाळीस ओळींवरून त्यांनी पट्टी धरून एक तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'बाद'.

"बाद मंजे?" मावशींनी मागून विचारलं.

अधिकाऱ्यांनी पट्टी बाजूला ठेवली, मी माझा तक्ता सरळ करू लागलो. 

"सायेब," त्या उठून उभ्या राहिल्या, "आज तिथी कंची?"

अधिकाऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडर कारकुनाच्या पाठीमागे होतं. कारकून वळून म्हणाला, "चतुर्दशी."

"मंग भरती आता पुरी झाली. तासा-सव्वातासान कालं यल. रिक्षानी जायाला अर्धा घंटा. चला, दावतं. कागुद नको नि काय नको."

अधिकारी क्षणभर खरंच उठतील असं वाटलं. मग त्यांनी बाहेरच्या बाकांकडे पाहिलं. तिथे आणखी पंधरा-वीस जण बसले होते. "आजी, आज नाही जमणार," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पंधरा दिवस देतो. नव्या नोंदी आणा. वेळ आणि तिथी दोन्ही, बघणाऱ्याच्या सहीसकट. मूळ कागद जपून."

परतताना रिक्षात मावशी बाहेर बघत होत्या. उड्डाणपूल उतरल्यावर म्हणाल्या, "खरं बोल्लास ता बरा केलास."

मी हुश्श करणार तोच पुढचं आलं. "पन तुजं खरं माज्या जिवावं. कागुद तू फारलास नि बाद मी झाली."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. बाई हातातली फाइल चाळत राहिल्या.

"उद्या पूनव," मावशी म्हणाल्या. "उद्यापासून आमावशेपरत तू यायचा. रोज. चपला घालून येशील तं चिखल घेल त्या."

मी गेलो. काट्यावर अर्ध्या दिवसाच्या रजा मांडल्या, काही पाळ्या बदलून घेतल्या. पंधरापैकी तेरा दिवस उघाडीवर उभा राहिलो. एक दिवस काट्याच्या तपासणीचा होता, तो टाळता आला नाही. एक दिवस ताप आला. त्या दोन दिवसांपुढे मी 'पाहिलं नाही' असं लिहिलं. मावशी तिथी सांगायच्या, मी घड्याळ बघायचो, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या. त्या सही करतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सावकाश, नाव आणि आडनाव. प्रत्येक चिठ्ठी संध्याकाळी बाईंकडे जायची, माझ्याकडे नाही. ही अट मावशींची.

पहिल्या दिवशी मी बांधावर कोरड्यात उभा होतो. "तितनं काय दिसल तुला?" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून गुडघाभर पाण्यात. चौथ्या दिवशी माझ्या पोटऱ्यांना खाज सुटली, सहाव्या दिवशी पुरळ. बायकोने खोबरेल लावून दिलं आणि म्हणाली, "आता यालाही रकाना करा." मी केला. खरं तर तो पहिल्या दिवसापासून हवा होता. वासाच्या सत्तावीस नोंदी करताना बांधापलीकडे कुणाचे पाय आहेत का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

चिंबोऱ्या दिवसाला चार-पाच निघत. एक मावशींनी माझ्या नाकाशी धरली. रॉकेलसारखा वास. "ही इकाची नाय," म्हणून त्यांनी ती परत टाकली. पूर्वी किती निघायच्या विचारलं तर त्यांनी आकडा दिला नाही. म्हणाल्या, "मोजाचा काम नव्हता."

तेरापैकी अकरा दिवस काळं पाणी हिशोबाच्या वेळेला आलं. दोन दिवस आलंच नाही. ते अष्टमी आणि नवमीचे होते. तेव्हा भरतीला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात, पाणी पुलापर्यंत चढतच नाही, त्यामुळे वरचं घाण पाणी तुंबत नाही आणि एकदम सुटतही नाही. मला ते दोन दिवस बोचत होते. वगळले तर अकरापैकी अकरा. मावशींनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "आला नाय ता पन लिव. भांगाला आला असतां तं नालाच झाला असता ना?" मी इतकं सरळ उलटं गणित काट्यावरही कधी केलं नव्हतं. जे पाणी भांगाला थांबतं, त्याच्यामागे समुद्र आहे.

तेरा चिठ्ठ्या, तक्ता, बाईंच्या नकाशाची झेरॉक्स आणि मिठागरांची नावं सांगणाऱ्या आजोबांचं सही केलेलं निवेदन, असं सगळं आम्ही मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिलं. त्यानंतर मी दर आठवड्याला एकदा चौकशीला जात होतो. कारकून मला लांबून पाहून मान हलवायचा.

पत्र गेल्या आठवड्यात आलं. दीड पान. त्यातली कामाची वाक्यं दोन. 'सदर प्रवाहाची नोंद भरती-ओहोटीचा प्रवाह अशी दुरुस्त करण्यात येत आहे. आच्छादन व झडपेचा प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.' काळ्या पाण्याबद्दल लिहिलं होतं की तो विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

पत्र घेऊन मी उघाडीवर गेलो. मावशी कमरेइतक्या पाण्यात फग सोडत होत्या. मी बांधावरून पत्र वाचून दाखवलं, दोनदा.

"मंजे दार नाय बंद करीत?"

"तूर्त नाही."

"तूर्त मंजे किती दिस?"

मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. दीड पानात जावक क्रमांक होता, आमच्या अर्जाचा क्रमांक होता, कलमांचे आकडे होते. तो एक आकडा नव्हता.

"ते लिहिलेलं नाही."

"मंग इचार जाऊन." त्यांनी दोरी खुंटीला बांधली, गाठ ओढून पाहिली. "सोमवारी जा. नि नुसता तोंडी आयकून येव नको. लिवून आन, सहीसकट."

सोमवारी काट्यावर सगळ्यात जास्त गाड्या असतात. मी रजेचा अर्ज दिला आहे.